कमरेपाशी

हरगोविंदच्या आरागिरणीत हे शिसम
सरपणाच्या ढिगात पडलं होतं.
"सुतार हात लावत नाहीत, ताई.
रंधा मारला की उलटं उचकटतं,"
म्हणाला, आणि काट्यावर तोलून दिलं
कांद्यासारखं.

मी ओल्या बोटानं धूळ पुसली.
आत आडव्या लाटा,
एकीला खेटून एक,
फळी तिरकी धरली की हलणाऱ्या.
कसला तरी भार सोसला असेल झाडानं,
वाऱ्याचा, की स्वतःच्याच फांदीचा.
हरगोविंदला विचारलं, झाड कुठलं?
तो बिडी शोधत होता.

लतीफ मियाँकडे अकरा वर्षं मी सरोद कोरले.
तिथे लाकूड वाकवत नाहीत.
अख्खा ओंडका घ्यायचा
आणि पटाशीनं आत शिरत राहायचं
त्याचं पोट रिकामं होईपर्यंत.
माझ्या गिटारीला मियाँ अजून खोकंच म्हणतात.
पण एल्सीची ऑर्डर आली तेव्हा
पहिला प्रश्न त्यांचाच होता:
"लकड़ी कौन सी?"

एल्सी इस्पितळात नर्स,
दर पगाराला दोन हजार आणून देते,
पाकिटावर तारीख घालून.
नाताळच्या आधी हवी, एवढंच म्हणाली.

मार्गशीर्षातली सकाळ, दाणाओळीत धुकं,
लोखंडी नळीच्या पोटात बर्नर.
नळीवर थेंब टाकायचा:
बसून राहिला तर अजून वेळ आहे,
नाचत पळाला तर तयार.
एकाच फळीच्या दोन पट्ट्या,
वहीची पानं उघडावीत तशा,
लाटा समोरासमोर.
साध्या लाकडाला मी दोन मिलिमीटर ठेवते.
हिला खरवडत खरवडत त्याच्याही आत आणलं,
पाणी बेतानं पाजलं,
पाठीला पोलादी पत्रा दिला
आणि कंबर नळीवर टेकवली.

ढकलायचं नाही. थांबायचं.
बराच वेळ ती फळीच असते.
मग मनगटाला काहीतरी कळतं,
जाड कातडं भिजून सैल पडावं तसं,
गूळ करपल्याचा वास येतो,
आणि ती वळते,
जणू तिचंच ठरलं होतं.
साच्यात घालून शिकंजे आवळले.
एक झाली.

दुसरीच्या वेळी
खाली भंगारवाला ओरडत चालला होता,
माझ्या डोक्यात एल्सीची तारीख.
मी अर्ध्या श्वासानं आधी दाबलं.

आवाज मोठा नव्हता.
गजक मोडावी तेवढा.

किती वेळ बर्नर तसाच जळत होता कोण जाणे.
मियाँ काठी टेकत आले,
चिरेवरून नख फिरवलं,
लाट जिथे खाली उतरते तिथेच ते अडकलं.
"चहा ठेव," म्हणाले.
पहिला घोट घेऊन मी विचारलं,
तुमचे किती सरोद फुटले?
ते म्हणाले, मी कधी मोजले नाहीत.
बायकोनं मोजले होते.
चूल तिच्याकडे होती.

त्या फळीत तिसरी पट्टी नव्हती.
खालच्या बाजूला साधं शिसम लावलं,
सरळ शिरेचं, गुणी,
एका दमात वळलेलं.
लाटांची बाजू वर,
वाजवणाऱ्याची मान झुकली
की तिलाच दिसेल अशी.

एल्सीनं गिटार मांडीवर घेतली, तारा छेडल्या नाहीत.
आधी उलटी करून साध्या बाजूवर
अंगठा फिरवत राहिली,
नाडी बघावी तसा.
"इथे काय झालं?"
मी सांगितलं. भंगारवाल्यासकट.
ती हसली, शेवटचं पाकीट ठेवलं,
रात्रपाळीला उशीर होतोय म्हणत गेली.

तुटकी पट्टी खिळ्याला टांगली आहे.
हिवाळ्याच्या कोरड्या हवेत
ती रोज केसभर सरळ होते,
पुन्हा फळी होऊ बघते.
येता-जाता मी नजर टाकते.
कमरेपाशी अजून
थोडी वळलेली आहे.