शेऱ्याचा रकाना

नकाशात ही गल्ली निळ्या रेघेनं दाखवलीय,
सहा इंची बीड, साल चौऱ्याहत्तर.
सोपान कुंभार रेघेकडं बघतात,
चप्पल काढतात
आणि अनवाणी रस्त्यावर उभे राहतात.
"हितं न्हाय, म्याडम. चार हात अलीकडं.
नळ तवाच वाकडा घातलाय.
मधी बाबर सावकाराचं जोतं, त्यो फोडू देईना."

जोत्यावर आता मोबाईलचं दुकान.
त्याआधी तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे,
त्याच्याआधी छापखाना होता,
लग्नपत्रिका, घरपट्टीच्या पावत्या
आणि एकदा म्हणे पडलेल्या उमेदवाराच्या विजयाची पत्रकं.
सावकार कुणालाच आठवत नाही.
पाणी मात्र अजून त्याला वळसा घालून जातं.

एकतीस वर्षं या माणसानं पेठेला पाणी सोडलं.
खांद्यावर लोखंडी चावी, पहाटे साडेचारला पहिला फेरा;
वरच्या रस्त्याला आधी, मग उतारानं खालच्या.
पत्ता विचारला तर सांगणार,
कमानी हौदापासनं खाली,
फुटक्या तळ्याच्या अंगाला.
हौदावर आता कुणी घागर नेत नाही,
तळ्याला तर नावातच फुटकं म्हटलंय,
तरी साताऱ्यात घर सापडतं ते पाण्यावरूनच.

मंगळवारी कुदळ खापरी नळाला लागली.
एक तुकडा उडून माझ्या बुटापाशी आला,
आतून काळा, बाहेरून विटेसारखा,
कडेला अंगठ्याचा ठसा.
ओल्या मातीत कुणीतरी सांधा दाबला होता.
सोपानरावांनी त्यात स्वतःचा अंगठा ठेवून बघितला.
बसेना.
"पोराचा हाय," म्हणाले.
"पोरं लावत आसत्याल कामाला. आमाला बी लावलं हुतं."
ठेकेदाराची माणसं चहाला गेली होती.
तुकडा त्यांनी खिशात घातला नाही,
होता तिथं परत ठेवला
आणि वर मूठभर माती लोटली.

माझ्या टॅबमध्ये रकाने आहेत:
व्यास, साहित्य, खोली, वर्ष.
ते बोलतात आणि मी भरते.
ही झडप दोन आटे उलटी फिरते.
ही रंगाऱ्यांची बोळ, एके काळी हिचं गटार
आठवड्याला वेगळ्या रंगाचं वाहायचं.
इथली सोड्याची फॅक्टरी बंद पडली,
कनेक्शन कागदावर चालू, बिल कागदावर थकलेलं.
तालमीच्या मागच्या नळाला तोटीच नाही,
बसवली की पोरं काढतात.
आणि नूरबी आतारांच्या दारात दाब जरा जास्त का?
सोपानराव इकडंतिकडं बघतात.
"टायफॉइड झालाता मला. म्हैनाभर डबा दिला त्यांनी."
बारा वर्षांपूर्वीची गोष्ट.
हे कुठल्या रकान्यात घालायचं,
मला कुणी शिकवलेलं नाही.

महिनाअखेरीला ते निवृत्त होतायत.
पुढं झडपा आपोआप उघडतील,
ऑफिसात बसून कुणीही उघडेल.
काल पहाटे त्यांनी चावी माझ्या हातात दिली.
जड होती. पहिल्यांदा हललीच नाही.
"अंगानं न्हाय, कानानं फिरवा."
दांड्याला कान लावला.
बराच वेळ नुसतं थंड लोखंड,
मागं अजिंक्यताऱ्याचा अंधार,
कुठंतरी पितळी बादली दगडावर टेकल्याचा आवाज.
मग खालून, लांबून,
कुणीतरी घसा खाकरल्यासारखं झालं.

"आलं," ते म्हणाले.
मला अजून पुरतं ऐकू आलं नव्हतं.
पलीकडच्या घरात दिवा लागला.

शेऱ्याच्या रकान्यात पन्नासच अक्षरं बसतात.
मी नूरबींचं खोडलं, छापखान्याचं खोडलं,
अंगठ्याचं दोनदा लिहून खोडलं.
उरलं ते असं:
नळ सरळ नाही. सावकाराला वळसा. हळू खोदा.