नावासकट

गुरुवारी शटर अर्धं ओढलं तेव्हा
शीलवंत तेलगोटे वाकून आत आला.
तोंडाला ना खर्ऱ्याचा वास, ना ठेच्याचा.
आठ दिवस झाले, म्हणाला, मीठसुद्धा सोडलं ताई.

पोपटखेडच्या वरच्या अंगाला, संत्र्याच्या बागेत
पांढरे तंबू लागलेत.
पुण्या-बंगलोरची माणसं अकोला स्टेशनवरून
ह्याच्याच गाडीतून तिथं जातात,
रात्रभर बसतात, काढा पितात, ओकतात, रडतात,
आणि सकाळी झाडांच्या पाया पडतात.
ह्या शनिवारी एक जागा रिकामी आहे. ह्याला फुकट.

"आयव्हस्का म्हनतात. वेल हाये म्हने, लय दूरच्या जंगलातली.
मनातलं सारं धुऊन काढते."
धुवायचं काय, ते मला ठाऊक होतं:
चोहोट्ट्याजवळचा तो अपघात.
चूक ह्याची नव्हती, असं पोलीससुद्धा म्हणाले होते.

मोबाईल पुढे केला. यादी.
लोणचं नको, शिळं नको, सुकट नको, दारू तर नकोच.
सगळं ह्यानं इमानानं पाळलेलं.
सगळ्यात खाली एक ओळ, बारीक:
औषधं चालू असतील तर कळवा.

मग? कळवलंस?
"औषध कुठं चालू हाये मले? बीपी नाही, शुगर नाही."

मी ड्रॉवर उघडला.
दोन वर्षं, दर महिन्याला, ह्याच ड्रॉवरमधून
त्याची पट्टी निघते,
आणि त्याच्याच सांगण्यावरून मी ती अशी कापते
की गोळी त्याच्याकडे जावी, नाव माझ्याकडे राहावं.
घरी तिला ताकदीची गोळी म्हणतात.
बायको दुधाबरोबर देते.
नाव कापता कापता
त्याच्या लेखी औषधच कापलं गेलं होतं.
कात्री माझी.

म्हटलं, स्टूल ओढ, बस.
पोपटखेडचं धरण पाहिलंस ना तुडुंब भरलेलं?
ही गोळी कालव्याचं दार लावते,
ती वेल सांडवा बुजवते.
पाणी मग जाईल कुठं?
ताप चढतो, हातपाय ताठरतात,
काळीज घाटात ब्रेक सुटल्यासारखं पळतं.
माणूस जातोसुद्धा.
ब्रेक म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली.
दुसरा शब्द मला सुचायला हवा होता.

"मंग आजपासून गोळीच बंद करतो."
तेही नको रे बाबा.
ही गोळी घरजावयासारखी,
निघाली म्हटलं तरी पाच-सहा आठवडे रक्तात मुक्काम.
आणि एकदम सोडलीस
तर दोन वर्षांपूर्वीचा शीलवंत परत दारात उभा.
तो मी एकदाच बघितलाय.
तुझ्या बायकोनं रोज.
अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंना विचार. वेलीचंही सांग.
ओरडतील. ओरडू दे.

"फारमात लिवू म्हनता? लोकाईले कळन."

मी अख्खी पट्टी काढली. कात्री फळीवर तशीच.
बिलाच्या पाठीवर नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत,
किती मिलिग्रॅम, केव्हापासून.
त्यानं बोट ठेवत वाचलं: फ्लु-ऑक्-से-टीन.
दोन वर्षं पोटात राहिलेल्याचं नाव
पहिल्यांदा तोंडात.

शनिवारी तो गेला, पण स्टिअरिंगवर बसून.
हे त्यानंच सांगितलं मंगळवारी,
काउंटरला टेकून, मीठ लावलेली काकडी खाता खाता.
गाडीत एकच बाई होती, पुण्याची, डोळे मिटून.
देवरी फाट्यावर ह्यानं आरसा नीट केला
अन् विचारलं, "मॅडम, मनाची कोनती गोळी चालू हाये का?
मले हाये."

बाई काही बोलली नाही.
पर्समध्ये मात्र पट्टी चुरचुरली.
तो आवाज ह्याला पाठ आहे.
गाडी कडेला घेतली, म्हणाला,
अन् इंजिन बंद केलं.