धक्क्यावरचा फलक

सरपंचबाईंनी कागद दिला, टाईप केलेला:
लेफ्टनंट जनरल जनार्दन रुमाजी कोयंडे,
जन्म मोर्वे, दोन युद्धं, तीन पदकं,
पुढे हुद्द्यांची ओळ, रापणीच्या दोरासारखी लांब.
पत्रा चार बाय तीन.
मी होड्यांवर नावं रंगवणारा माणूस.
"बाई, एवढं मावायचं नाही."
"मावव. रविवारी पाहुणे येतायत."

माववतो.
पण जना तरीवर वल्हं मारायचा, हे कागदात नाही.
बापाला ताप भरला की हा नववीतला पोर
उतारू पैलतीरी सोडायचा
आणि बोटांच्या पेरांवर मोजून सांगायचा
उद्या पाणी कधी फिरेल.
आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा.
रोज पाऊण तास.
बाकीच्या गणितात तो काठावर पास.

पूर्वेकडच्या कुठल्याशा नदीवर, रात्री,
हुकूम होता अडीचचा.
हा चिखलात बोट खुपसून बसलेला.
वायरलेसवर वरचे साहेब ओरडतायत,
हा पेरं मोजतोय.
"सव्वातीन. पाणी अजून ओढता हा."
मालवणी तिथे कुणाला कळली असेल?
सव्वातीनला नदी थांबली.
माणसं छातीभर पाण्यातून पलीकडे गेली,
आमच्या बायका खुबे काढायला जातात, तशी.
पेपरात फोटो आला. शाळेला सुट्टी मिळाली.

डावीकडच्या एका तुकडीला निरोप पोचला नव्हता.
ती अडीचलाच उतरली.

हे मला कळलं पंचवीस वर्षांनी,
तो निवृत्त होऊन आला, छोटी होडी घेतली, तेव्हा.
ब्रश धुऊन विचारलं, नाव काय? आईचं? देवीचं?
"अकरा घाल."
"अकरा काय?"
"अकरा, बाबल."
मग सांगितलं. एकदाच.
गावाला वाटलं, परवान्याचा नंबर.
गळ घेऊन जायचा खरा,
मासा आणलेला मी तरी पाहिला नाही.
खाऱ्या पाण्याने नाळेवरचा आकडा उडायचा.
नारळी पुनवेआधी येऊन बसायचा मांडवात,
रंग मी द्यायचा, डबा तो धरायचा.
दोन तास. हात हलायचा नाही.

काल रात्री पत्रा पुरा झाला.
तिसरं पदक जरा चेपून बसवलं.
खाली, उजव्या कोपऱ्यात, बोटभर जागा उरली.

"हे अकरा कसले हो?"
बाईंनी चष्मा वर केला.

"लाल रंग उरला होता," म्हटलं.