लॉगर क्रमांक चार

काडेपेटीएवढा पांढरा डबा,
दर दहा मिनिटांनी खोलीची नाडी बघणारा:
तापमान, आर्द्रता, तारीख, वेळ.
एम.आर्कच्या दुसऱ्या वर्षाला
स्कॉलरशिपचे तीन हप्ते घालून मी असे सहा घेतले
आणि निवतीला द्रौपदी मेतरांच्या घरात टांगले.
पडवीत एक, माजघरात दोन,
चौथा चुलीपासून सहा फुटांवर,
वाशाला, जाळ्याच्या उरलेल्या दोरीनं.
‘ह्यो बॉम्ब नाय मां गे?’
विचारून त्या स्वतःच हसल्या.

भिंत चिऱ्याची, पंधरा इंच.
बाबली मेस्त्रीनं तिला टिचकी मारली, कान लावला.
‘खाणीतसून भायर येता तेवा चिरो मऊ.
वारो लागलो काय घट.’
मी वहीत लिहिलं: घनता, किलो प्रति घनमीटर,
आणि पुढची जागा कोरी सोडली.

दुपारी दोनचं ऊन त्या भिंतीत शिरतं
आणि रात्री अकराच्या सुमाराला आत पोचतं,
एस.टी. चुकलेल्या पाहुण्यासारखं,
पायी, दमून, निम्मं होऊन.
तोवर खिडकीतून खारा वारा आलेला असतो.
या उशिराला आमच्या शास्त्रात नाव आहे, सूत्र आहे,
त्यावर माझी अठ्ठेचाळीस पानं आहेत.

पण चार नंबरचा आलेख ऐकेना.
रोज रात्री दोन चाळीसला
एक सुळका, करवतीच्या दातासारखा.
टिल्लू सरांनी पुण्यात स्क्रीनवर बोट ठेवलं:
आउटलायर आहे, काढून टाक,
रेषा कशी गुळगुळीत होईल बघ.

मी काढणार होते.
कर्सर तिथंच लुकलुकत होता.
मग रात्रीची गाडी धरली, कुडाळला उतरले,
आणि ओट्यावर बसून विचारलं.

‘होडी तीनाक सुटता. पेज नको करूक?’

आणि फेब्रुवारीतल्या या चार रात्री?
इथं रेषा अगदी सपाट आहे.
त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला,
बराच वेळ बघितला.
‘वारो होतो. होड्यो वयर होत्यो.’

वारा मोजणारं यंत्र मला परवडलं नव्हतं.

मार्चमध्ये मागच्या अंगणात विटा येऊन पडल्या,
सळ्या, खडी, सिमेंटच्या गोणी.
मुलगा मस्कतहून पैसे पाठवतो,
स्लॅबची खोली घालायची.
मी लॅपटॉप उघडला. हे बघा, लाल रेघ स्लॅबची,
शेजारच्या घरात मोजलेली,
संध्याकाळी सातला चार अंश जास्त.
ही निळी तुमची, कौलांची.
त्या मान हलवत राहिल्या, मन लावून,
परक्याच्या मुलाचं प्रगतिपुस्तक बघावं तशा.
मग मला बाहेर नेलं,
छपराकडे हात केला.
पन्हळीजवळ वानराची मादी पोराच्या उवा काढत होती,
तिच्या बुडाखाली
तीन कौलं फुटलेली.

‘कौलां परतूक माणूस गावणा नाय.
बाबलीचे गुडघे गेले.
तां खंय लिवलंस?’

कुठंच नव्हतं लिहिलं.
संदर्भसूचीत दोनशे बारा नोंदी होत्या,
एकाही निबंधात वानर नव्हतं.
शिडीवर चढणाऱ्या माणसाचं वय नव्हतं.

तोंडी परीक्षा जूनमध्ये झाली,
एसी चोवीसवर, पडदे ओढलेले.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पान एकाहत्तर उघडलं:
हे सुळके तुम्ही काढले का नाहीत?
मी म्हणाले, पेज आहे सर ती.
ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले,
मग पुढचं पान उलटलं.

दिवाळीनंतर निवतीहून फोन.
खोली झाली. तापता, तू म्हणालंस तशी.
निजूक आमी माजघरातच.

मला काय बोलावं सुचेना.
पलीकडे कोंबडा, कुणाची तरी मोटरसायकल,
आणि मग त्याच, अगदी खुशीत:
‘पण स्लॅबार गोलमो काय बरो सुकता गे!’