पाठपोट

कागद महाग, म्हणून ती पाठपोट लिहायची.
एका अंगाला नवऱ्याच्या दुकानाचा जमाखर्च:
डांबर दोन पिंपं, तागाचा दोर, शिडाचं कापड,
कप्तान ट्रूलव्हकडून येणं बाकी (हे दर महिन्याला),
आणि पान उलटावं तर सबीना,
ओहोटीच्या वाळूत कंदील धरून उभी,
पाणी परतायच्या आत
तिला पलीकडच्या बेटावर पोचायचंय.

मी कागद सांधते.
जिल्हा अभिलेखागाराच्या तळघरात,
गव्हाची खळ, जपानी कागदाची चिंधी, हाडाची पट्टी.
डॉर्कस हारबॉटल माझ्याकडे आली
चहाच्या खोक्यातून, एकशे बारा पानं,
उंदरांनी कोपरे चाखलेली.

अकरा कादंबऱ्या. साऱ्या ए. एच. मारलंड या नावाने.
लंडनच्या एका मासिकाने लिहिलं होतं,
मारलंडसाहेबांच्या लेखणीत खलाशाचं मनगट आहे.
ते कात्रण तिने जपून ठेवलंय,
मेणबत्त्यांच्या पावतीला टाचून.
हसली असेल का?
टाचणी गंजली आहे, एवढंच मी सांगू शकते.

दुकानात गिऱ्हाईक आलं की ती पान पालथं घालायची.
शाई ओली असायची, त्यामुळे
गल्ल्याच्या लाकडाची नक्षी सबीनाच्या पदरात... नव्हे,
तिथे पदर कुठला, शालीत उमटलेली.
वाक्यं मध्येच तुटतात.
'सबीनाने दार उघडलं आणि'
इथे शाई संपते, काळी होती.
'म्हणाली, मी येते' हे तपकिरी शाईत,
अक्षर किंचित उजवीकडे कललेलं.
मधे किती वेळ गेला?
मी पान उलटलं.
मागे त्याच आठवड्यात लिहिलंय:
सुईण, पाच शि.
आणि तीन ओळी खाली, डांबर आणि खिळ्यांच्या मधे,
सुताराला, लहान पेटीचे.

मी दिवा मालवला आणि वर जाऊन चहा केला.
प्यायले नाही.

तिसऱ्या खंडात अक्षर मोठं होत जातं,
पातळ लोणी पावभर पसरावं तसं.
प्रकाशकाला खंड तीनच हवे होते, आणि शेवटी लग्न.
डॉर्कसने दीड पानात उरकलं.
सबीना बेटावरून परत येते, का ते नाही,
पाद्री येतो, घंटा वाजते.
त्या पानाची मागची बाजू कोरी आहे.
साऱ्या बाडात तेवढं एकच.
ती हिशेबाला कंटाळली होती, की
तेवढ्यापुरती श्रीमंत झाली होती?

प्रदर्शन ठरलं. भिंतीवर चौकट, एकच बाजू दिसणार.
समितीत क्लाइव्ह ऑर्म्सबी म्हणाले, अर्थात कादंबरीचीच.
मी म्हटलं, दुसरी बाजू?
ते म्हणाले, किराणा कोण बघायला येणार, वेनीफ्रेड.
त्यांचं चुकलं असंही नाही.
ती स्वतःच पान उलटत आली होती आयुष्यभर,
फक्त उलट्या दिशेने.
चर्चच्या आवारात तिचा दगड आहे:
मॅथियस हारबॉटल यांची पत्नी.
मारलंडचं नाव तिथे नाही. शेवाळ आहे, छान हिरवं.

त्या काळची शाई लोखंडाची. हळूहळू कागद खाते.
जिथे टाक जोरात टेकला, तिथे आधी.
काल पान दिव्यासमोर धरलं तेव्हा दिसलं,
एक पूर्णविराम पार जळून गेलाय,
टाचणीच्या डोक्याएवढं भोक.
इकडून ते 'मी येते' नंतरचं टिंब.
तिकडून 'पाच शि' नंतरचं.
एकच.
तिने दोन्ही वेळा तिथेच टाक दाबला होता,
कुणी ठरवून दाबणार नाही इतका नेमका.

नियमाप्रमाणे बुजवायला हवं.
खळ कालवून ठेवली होती, चिंधीही कापलेली.
मग अहवालात लिहिलं:
छिद्र एक. स्थिर. दुरुस्ती नको.
आणि खळ धुऊन टाकली.