बुजलेली विहीर

बोडीटोल्याच्या आखरावर सकाळी ढोरं जमायची,
घराघरातून सुटून, झोपाळू, शेपट्या झटकत.
त्रेसष्ट. कधी चौसष्ट.
माझा बाप दसरू नेवारे गावाचा ढोरकी.
वर्षाला ढोरामागे दोन पायली धान,
पोळ्याला एक धोतर,
आणि ज्याची गाय उशिरा आली त्याच्या शिव्या.

लोकांना वाटे, बाप ढोरं नेतो.
बाप तर कायम मागे,
खांद्यावर आडवी काठी, तिच्यावर दोन्ही मनगटं टाकून
धूळ खात चाललेला.
पुढे असायची कापगत्यांची बांडी,
एक शिंग मोडकं, गळ्यात लाकडी घंटा.
आपण पुढे आहोत हे तिलाही नीटसं ठाऊक नसावं.
मागचा घोळका सरकला की सरकायची,
थांबला की मान वळवून उभी राहायची,
घरी काही विसरल्यासारखी.

परसोडीच्या बांध्यांपाशी सगळी खांड वळायची.
वाट सरळ होती, मोकळी. दगड नाही, काटा नाही.
तरी तिथं आलं की ढोरं डावीकडे झुकत,
अर्धा गोल घेत,
मग पुन्हा वाटेवर.
एक दिवस विचारलं.
"हिर होती तेती," बाप म्हणाला,
"माज्या बापाच्या टायमाले. बुजवली."

मी हिशेब केला.
बांडी चौदा वर्षांची. सगळ्यात म्हातारी म्हैस अठराची.
विहीर बुजून तीस वर्षं झालेली.
म्हणजे ह्यातल्या एकाही डोळ्यानं
ती पाहिली नव्हती.

वासरू आईच्या कुशीला लागून चालतं.
आई वळली की वळतं.
एवढंच.
ह्या कुशीतून त्या कुशीत
एक आख्खी विहीर आली होती,
पाण्याशिवाय, काठाशिवाय.

बांडी विकली त्या पुसात.
आठवड्यानं बापाला हिवताप भरला
आणि काठी माझ्या हातात आली. मी बारा वर्षांची.
परतताना तलावावरून धुकं उठलं,
आधी पळसं गेली, मग शिंगं,
मग माझाच हात.
गाव उजवीकडे आहे अशी माझी खात्री.
हाकललं, ओरडले, एका गोऱ्ह्याच्या पाठीत काठी घातली.
ढोरं हललीच नाहीत.
नुसते श्वास. ओल्या कातड्यांचा वास.

बापाचं बोलणं आठवलं,
"हाकू नोको पोरी. तेईले मालूम हाये."
कोणाला? हे मात्र त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

मग कुठेतरी एक खूर उचलला गेला आणि परत टेकला.
दुसरा. एक म्हैस फुरफुरली.
कुणी ठरवलं म्हणावं तर कुणीच नाही;
मधल्या तिघीचौघींना वाट माहीत असेल,
बाकीच्यांना फक्त शेजारीण माहीत होती,
अंगाला लागलेलं ऊन अंग.
सगळी भिंत हळूच सरकली.
मी शेवटच्या म्हशीची शेपटी धरली
आणि डोळे मिटून घेतले, तसेही ते कामाचे नव्हते.

पायाखाली धानाची खुंटं.
मग धुरा.
मग मऊ माती, पुन्हा खुंटं,
आणि एकाएकी शेपटी डावीकडे ओढली गेली.
अर्धा गोल.
कशालाही नाही, नुसत्या धुक्याला वळसा.

तेव्हा मला कळलं मी कुठे आहे.
उजव्या हाताला विहीर होती.
मीही तिच्यापासून अंग चोरून चालले.

घरी बाप गोधडीतून म्हणाला, "किती आली?"
मोजायची राहूनच गेली होती.
धावत आखरावर आले तर तिथं कोणीच नव्हतं,
ताज्या शेणाची वाफ तेवढी,
आणि धुक्यात, दावणीदावणीला,
कोणीतरी एकेकीला नावानं रागावत होतं.