कुंपणाबाहेरून

सोमवारी पहाटे पाचला शिशाची पेटी येते,
मोंतेविदेओ अजून झोपलेलं.
पेटीला आम्ही गाय म्हणतो.
वरून मिठाचं पाणी सोडायचं, खालून टेक्नेशियम.
धारेचा आवाज येत नाही,
फक्त काटा हलतो.
सोमवारी भरल्या कासेची, शुक्रवारी आटत आलेली,
तरी रोज सकाळी थोडं देतेच.

हे ऐकून बिदेगाइन हसले.
एकोणपन्नास वर्षं सारांदी ग्रांदेला धारा काढलेला माणूस.
"आणि वासरू कुठंय? वासराशिवाय पान्हा कसा सोडते?"
बाही वर करा, म्हटलं,
आज वासरू तुम्हीच.

टेक्नेशियम सहा तासांनी निम्मं होतं,
त्याला घाई नाही.
सुई दिली आणि त्यांना तीन तास मोकळं सोडलं.
ते हाडांकडे जातं, जिथे डागडुजी चालू असते तिथे.
गवंडी दिसला की थांबतं,
भिंत कशानं पडली ते विचारत नाही.
डावी सातवी बरगडी उजळली.
इथे कधी मार लागला होता?
"लाथ. ओवेराची. फेब्रुवारीत."

फ्लोरीनचं तसं नाही. एकशेदहा मिनिटं.
सायक्लोट्रॉनमधून निघालं की झिजायला लागतं,
मोटारीत, लाल सिग्नलला,
मी पावतीवर सही करते तेव्हासुद्धा.
साखरेच्या वेषात येतं,
म्हणून गुरुवारी त्यांना उपाशी बोलावलं.
माते नाही, गप्पा नाहीत,
अंधारी खोली आणि एक घोंगडी.
हे भुकेल्याकडे जातं.
मेंदू सगळ्यांच्या आधी पानावर बसतो.

टेक्नेशियमचा किरण एकटा निघतो,
शिशाच्या चाळणीतून सरळ आला तरच मोजायचा.
फ्लोरीनचा कण शेजारच्या कुणाला तरी भिडतो,
दोघंही संपतात,
आणि दोन किरण पाठीला पाठ लावून निघतात.
दोन्ही एकदम पोचले तर साक्ष धरायची.
तेवीस वर्षं मी ही साक्ष लिहून घेते.

बरगडी शांत होती.
ओवेरानं खरंच लाथ मारली होती, एवढंच.
यकृतात मात्र, उजव्या कडेला,
मसुरीएवढं काहीतरी
जेवत होतं.

मला सांगायची परवानगी नाही.
डॉक्टर आल्सुगाराय मंगळवारी बोलतील.
मी कागद वाचून दाखवला:
भरपूर पाणी प्या, आज संध्याकाळपर्यंत
तान्ह्या बाळांपासून, गरोदर बायकांपासून लांब राहा.
ते टोपी हातात फिरवत राहिले.
"घरी मी एकटाच. पण गाभण गाय चालेल का?
एकच उरलीये. आज-उद्यात विणार."
तीच? लाथवाली?
"तीच."

कागदावर गाईंचं काही नाही.
मी बोटांवर हिशोब केला:
अडीचची बस, सारांदीला उतरेपर्यंत निम्मं,
दिवे लागेपर्यंत पाव,
मग त्याचंही निम्मं.
आठपर्यंत कुंपणाबाहेरून बघा, म्हटलं.

"सांगतो तिला," बिदेगाइन म्हणाले,
"थांब म्हणून."